काळा धूर, भरलेली बाटली

"बाई, लवकर चला! आमच्या गाडीत कुणीतरी घात केलाय."

तपासनीस बाईंनी नुकतेच बूट सैल केले होते. सकाळपासून एकोणीस पिकअप तपासून त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता, त्यात ही विसावी भानगड. तरी त्या उठल्या.

हाक मारणारी धाकटी लाल पिकअपची चालक होती. अंतिम शर्यतीत तिनं वेग वाढवणाऱ्या नायट्रस वायूचं बटण दाबलं, तर गाडी उसळायची सोडून गुदमरली आणि काळा धूर ओकत शेवटी आली. गाडीची सगळी जोडणी तिच्या दादाची. तिच्या हातात दादाविरुद्धची तक्रार होती. बाईंनी त्या कागदावर सही केली, की दादाचा परवाना कायमचा जाणार होता.

"शेजारच्या टीमनं त्याला नोकरी देऊ केलीय," धाकटी म्हणाली. "आता बोला!"

"तोंड सांभाळ," दादा म्हणाला. रागवायचंही त्राण उरलं नव्हतं त्याच्यात.

टायरवर बसलेल्या त्यांच्या वडिलांनी एवढंच विचारलं, "इंजिन शाबूत आहे ना, बाई?"

बाई हौद्यात चढल्या. नायट्रसची आडवी बाटली जवळजवळ भरलेली. झडप उघडी, वायरी ठीक. बाटलीचं लेबल मात्र खाली. पट्टे घट्ट आवळलेले, खालचं रबरही नीट बसवलेलं. त्यांनी मोबाइलवर सकाळच्या तपासणीचा फोटो पाहिला. तेव्हा लेबल वर होतं.

"तपासणीनंतर गाडीजवळ कोण होतं?"

"मी पंचांबरोबर होतो," दादा म्हणाला.

"मी चालकांच्या बैठकीत. बाबा होते, पण ते बसल्या जागी डुलक्या घेतात. शेजारची टीम इथंच घुटमळत होती."

बाई वडिलांशेजारी टेकल्या. "बाबा, किती वर्षं केलंत हे काम?"

"चाळीस. ह्याला मीच शिकवलं."

बाईंनी सुस्कारा सोडला. "बाटलीत वाकडी नळी असते. लेबल वर असलं, की तिचं टोक पातळ नायट्रसमध्ये बुडतं. बाटली उलटी फिरवली, की टोक वर येतं आणि नुसती वाफ जाते. पेट्रोल मात्र पूर्ण. म्हणून काळा धूर. गाडी हरते, इंजिनाचं काही बिघडत नाही. वैऱ्यानं पेट्रोल तोडलं असतं, तर पिस्टन वितळला असता. ज्यानं हे केलं, त्याला गाडी हरायला हवी होती आणि पोरगी धडधाकट हवी होती. घाईतला चोर रबर जपून बसवत नाही. बाकी दोघं एकमेकांशी भांडत होती, बाबा. इंजिनाचं तुम्ही एकट्यानंच विचारलंत."

म्हातारा मान खाली घालून बसला. "सकाळी बिघाडाचा ठोका ऐकला मी इंजिनात. हिला सांगितलं. म्हणाली, बाबा, तुमचे कान गेले. नायट्रस मिळालं असतं, तर इंजिन हिच्या पायांवर फुटलं असतं."

"मग किल्ली लपवायची होती!" धाकटी ओरडली.

"वायरी जोडून चालू केली असतीस. तेही मीच शिकवलंय."

धाकटीनं तक्रार फाडली आणि दादाचा हात घट्ट धरला. तिला रडू आवरत नव्हतं.

बाईंनी कोरा कागद घेतला. "नियम आहे, बाबा. नाव लिहिलं, की तुम्हाला इथं पुन्हा कधीच सोडणार नाहीत."

"लिहा, बाई," म्हातारा म्हणाला. "तसंही हिला शर्यतीत पळताना मला बघवत नाही."