हरलेल्या सामन्याचा चेंडू

"ऑर्व्ह, पुढे वाकू नकोस! आणि एका वेळी एकच चेंडू!"

नेल्डानं शिडी दोन्ही हातांनी गच्च धरली होती. वर तिचा नऊ वर्षांचा भाऊ चवड्यांवर उभा राहून कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीपर्यंत हात पोचवत होता आणि त्याच्या बुटाची एक नाडी सुटलेली होती. बारा वर्षांच्या मुलीच्या नजरेला असल्या गोष्टी पडू नयेत खरं तर. पण नेल्डाच्या पडायच्याच.

"उतर आधी. नाडी बांध."

"यापेक्षा आई बरी!" ऑर्व्ह कुरकुरत खाली उतरला.

"असं चाललं तर ओढ्यावर पोहायला आपण हिवाळ्यात जाऊ," शेजारचा ल्यूथर खिडकीत बसून फडकं झटकत म्हणाला. "बर्फ फोडायला कुदळ घेऊन!"

ऑगस्टची सुट्टी होती. नेल्डाची आई ऑरिन कॉलेजच्या क्रीडा कचेरीत टायपिस्ट होती, आणि मुलांना घरी एकटं ठेवायला तिचं मन धजत नसे. म्हणून तिनं तिघांना कामाला लावलं होतं. कपाटातले एक्केचाळीस जुने फुटबॉल पुसायचे, मगच पोहायला जायचं! अंड्यासारखे लांबट, कातडी चेंडू. प्रत्येकावर पांढऱ्या रंगात सामन्याचं साल आणि गुण लिहिलेले. सामना जिंकला की चेंडू घरी आणायचा, रंगवायचा आणि फळीवर ठेवायचा, ही ऑरिनची सत्तर वर्षांची रीत.

ऑर्व्हनं वरून एक काळवंडलेला चेंडू दिला. नेल्डानं तो पुसला, वाचला आणि आईचे साहेब मिस्टर प्रुएट यांनी केलेल्या जुन्या निकालांच्या यादीकडे बघितलं.

"ल्यूथर, हे ऐक. चेंडूवर लिहिलंय, '१८९४, ऑरिन १०, विक्सफर्ड ८'. आणि मिस्टर प्रुएटांच्या यादीत हा सामना आपण हरलोय. सहा विरुद्ध बारा!"

"हॅ! हरलेल्या सामन्याचा चेंडू इथे येईलच कसा?" ल्यूथर उडी मारून खाली आला. "चेंडू जिंकणारे नेतात. माझे बाबा चार वर्षं खेळले, विचार त्यांना!"

नेल्डाला कालची पियानोची शिकवणी आठवली. मिस हेस्टर व्होगेल शिकवता शिकवता मध्येच थांबल्या होत्या. एक पान अर्धं वाजवून झालं होतं, आणि त्यांचे हात तसेच पट्ट्यांवर राहिले.

"माझे बाबा १८९४च्या संघाचे कप्तान होते गं," त्या म्हणाल्या होत्या. "विक्सफर्डविरुद्ध दोन्ही गोल त्यांनीच मारले. ते मला रोज सांगायचे, हेस्टर, आम्ही एकदाही हरलो नाही. आणि परवा मिस्टर प्रुएट सांगून गेले, की हरले होते म्हणून. गावात आता सगळे हसतात. म्हातारा गस व्होगेल म्हणे थापा मारायचा!"

मग त्यांनी पियानोचं झाकण लावून टाकलं होतं.

अजिंक्य संघांची नावं कोरलेली पितळी पाटी कॉलेजच्या मैदानावर लागणार होती. त्यांची यादी आज तीनच्या टपालानं कारखान्याला जायची होती. त्या यादीत १८९४ नव्हतं. गस व्होगेल हे नावही नव्हतं.

"चला!" नेल्डा म्हणाली.

मिस्टर प्रुएट टोपी घालून जेवायला निघालेच होते. गोल चेहऱ्याचा, हसतमुख आणि कायम घाईतला माणूस!

"तो चेंडू? अरे, कुणीतरी फुशारकीनं रंगवलाय. टाकायच्या खोक्यात ठेवून द्या!" ते म्हणाले. "त्या वेळच्या व्यवस्थापकाच्या वहीवरून मी स्वतः हिशोब केलाय. चेंडू घेऊन शेवटची रेघ ओलांडली की टचडाउन, त्याचे सहा गुण. खांबांच्या मधून लाथेनं मारला की गोल, त्याचे तीन. त्यांचे दोन टचडाउन, बारा. आपले दोन गोल, सहा. पहिलीतलं पोरही सांगेल!"

"पण सर, वहीत..."

"एक सामना पडताळूनसुद्धा पाहिला मी. तंतोतंत जुळला!" आणि ते गेलेसुद्धा.

आईनं टाइपरायटरवरून मान वर केली. तिघांचे चेहरे तिनं एकामागून एक नीट बघितले. "वही त्या खणात आहे," ती हळूच म्हणाली. "हात धुऊन या आधी. साबणानं."

जुन्या वहीत टचडाउनला फुली होती आणि गोलला गोळा. विक्सफर्डपुढे दोन फुल्या, ऑरिनपुढे दोन गोळे आणि दोन्ही गोळ्यांशेजारी वळणदार अक्षरात 'व्होगेल'.

"टचडाउननंतर जादा गुणांसाठी मारतात ती लाथ?" ल्यूथरनं विचारलं.

"दोन्ही वेळा हुकली, असं लिहिलंय. पण बेरीज कुठेच नाही! कुठल्याच सामन्याची नाही!"

"आळशी माणूस," ऑर्व्हनं निकाल दिला.

"आळशी नाही!" नेल्डा ताडकन उभी राहिली. "बेरीज तो चेंडूवर रंगवायचा! मग वहीत पुन्हा कशाला लिहील? ऑर्व्ह, त्या सालचे बाकीचे चेंडू आण. आणि नाडी बघ!"

आणखी तीन चेंडू टेबलावर आले. पहिल्यावर पाच-शून्य. वहीत त्या दिवशी एकच गोळा.

"एका गोलचे पाच?" ल्यूथरनं डोकं खाजवलं.

दुसऱ्यावर चार-शून्य. वहीत एकच फुली.

"म्हणजे तेव्हा फुलीचे चार होते आणि गोळ्याचे पाच!" नेल्डा ओरडली. "नियमच वेगळे होते!"

"थांब, थांब. हा नऊ-शून्य बघ. एक फुली, एक गोळा. चार नि पाच नऊ. बरोबर!" ल्यूथर म्हणाला. आणि मग त्याचा आवाज एकदम चढला. "अगं, पण सहा नि तीनसुद्धा नऊच! प्रुएटांनी नेमका हाच पडताळला असणार!"

ऑर्व्ह मघापासून बोटांवर मोजत होता. "दोन गोळे दहा. दोन फुल्या आठ," तो म्हणाला. "दहा-आठ. चेंडूवर आहे तेच. आता पोहायला जायचं?"

भिंतीवरच्या घड्याळात तीनला वीस मिनिटं होती.

"आई, यादी कुठे आहे?"

"पाकीट मिस्टर प्रुएटनीच जाताना टपालात टाकलं." आईचा चेहरा उतरला. "ते कोपऱ्यावरच्या खाणावळीत असतील. पळा! आणि रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघा!"

चार चेंडू, एक वही आणि तीन मुलं एकदमच खाणावळीत घुसली. मिस्टर प्रुएट गळ्याला रुमाल बांधून चेरी भरलेल्या पेस्ट्रीवर तुटून पडले होते. शेजारच्या स्टुलावर संघाचे प्रशिक्षक, धिप्पाड कोच रँडल, कॉफी पीत होते.

"पुन्हा तुम्ही!" मिस्टर प्रुएट म्हणाले.

नेल्डानं एकदा दाराकडे बघितलं, मग पहिला चेंडू बशीशेजारी ठेवला. "सर, या सामन्यात एकच गोल झाला. तुमच्या हिशोबानं किती गुण?"

"तीन."

"चेंडूवर पाच आहेत."

"मग चेंडू चुकलाय."

"या सामन्यात एकच टचडाउन. किती?"

"सहा. इथे चार लिहिलंय? हाही चुकलाय!"

"आणि हा दहा-आठवालाही चुकलाय? एकाच सालचे तीन?" नेल्डानं मोठा श्वास घेतला. "बरं सर, विक्सफर्डविरुद्ध आपण हरलो असू, तर त्यांनी जिंकलेला चेंडू आपल्याला भेट दिला का?"

कोच रँडल एवढ्या जोरात हसले की कॉफी सांडली. "अरे प्रुएट, जिंकलेल्या सामन्याचा चेंडू विक्सफर्डवाल्यांनी बापजन्मात कुणाला दिलेला नाही! आणि माझे आजोबा म्हणायचे की, त्यांच्या काळी टचडाउनला चार मिळायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्याला नीट आठवत नाही!"

मिस्टर प्रुएटनी वही ओढून घेतली. फुल्या मोजल्या. गोळे मोजले. त्यांचा चेहरा बशीतल्या चेरीसारखा लाल झाला.

"अरे देवा," ते म्हणाले. "तीनचं टपाल!"

मग ऑरिन गावानं एक दृश्य पाहिलं. गळ्यातला रुमाल फडफडवत मिस्टर प्रुएट पुढे, त्यांच्यामागे तीन मुलं आणि मागून कोच रँडल ओरडतायत, "गुडघे वर घे, प्रुएट! गुडघे!"

टपाल कचेरीच्या दारात गाडी सुरूच होती. पोस्टमास्तरीणबाई पिशवीचं तोंड बांधत होत्या.

"पाकीट परत?" त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "ज्यानं टाकलं त्यानंच सही करून मागायचं. मुलांना मिळणार नाही."

"मीच टाकलंय!" मिस्टर प्रुएट धापा टाकत म्हणाले. "मीच तो गाढव!"

"अर्जात फक्त नाव लिहायचं असतं," बाई शांतपणे म्हणाल्या आणि पिशवी सोडली.

पाकीट हातात आलं, आणि नेल्डाचा जीव भांड्यात पडला. ती तिथेच पायरीवर बसली. ऑर्व्ह तिला टेकून बसला आणि कुणी न सांगता त्यानं आपली नाडी बांधली.

नवी यादी आईनं त्याच दुपारी टाइप केली. '१८९४. अजिंक्य. कर्णधार ऑगस्टस (गस) व्होगेल.' बाकीच्या सालांची चुकलेली गणितं मात्र, ती म्हणाली, मिस्टर प्रुएट स्वतः टाइप करतील. मिस्टर प्रुएट निमूट "हो" म्हणाले.

"मी असतो, तर नऊवर जुळलं म्हणून खूश होऊन बसलो असतो," कोच रँडल तिघांशी हात मिळवत म्हणाले. "तुम्ही दुसरा चेंडूही उचलून बघितलात. शाबास! पाटीचा पडदा तुम्हीच ओढायचा!"

आई एवढंच म्हणाली, "घाबरली होतीस ना? तरी बोललीस." आणि तिनं नेल्डाच्या कपाळावरचे घामानं चिकटलेले केस मागे सारले.

पोहायला जाण्याआधी तिघं मिस हेस्टरच्या घरी गेली. मिस्टर प्रुएटही आले, टोपी हातात घेऊन. त्यांनी माफी मागितली. मोठ्यानं मागितली, कुंपणापलीकडच्या शेजारणीलाही ऐकू जाईल अशी.

मिस हेस्टरनी चेंडू मांडीवर घेतला. पांढऱ्या दहावरून बोट फिरवलं. मग डोळे पुसून त्यांनी पियानोचं झाकण उघडलं.

"नेल्डा, ये. काल आपलं अर्धं पान राहिलं होतं ना?"

ऑर्व्हनं दारातून ओढ्याकडे बघितलं, मग बहिणीकडे बघितलं आणि एक मोठा सुस्कारा सोडून तो चेंडूशेजारी खाली बसला.

"वाजव," तो म्हणाला. "पण पूर्ण वाजव."