मध्ये थांबायचं नाही

जिना इतका अरुंद होता की समोरून कुणी आलं की एकाने मुकाट्याने माघार घ्यायची, हा त्या इमारतीचा अलिखित कायदा होता. पण त्या दुपारी पंचाईत झाली. वरून ती उतरत होती, हातात टॉवेलात गुंडाळलेली एक बाटली, तान्ह्या बाळासारखी आडवी धरलेली. आणि खालून तो चढत होता, लंबकाचं एक भलंमोठं घड्याळ छातीशी कवटाळून.

"जरा खाली जाता का?" ती म्हणाली. "माझ्याकडे म्हातारी आहे. हलवलेलं खपत नाही तिला."

"किती वर्षांची?"

"तीस."

"तिशीत म्हातारी?" तो हसला. "कमाल आहे!"

ती कानापर्यंत लाल झाली. कारण त्याच दिवशी तिला स्वतःला तीस वर्षं पूर्ण झाली होती... पण हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक?

"हे नव्वद वर्षांचं आहे," तो म्हणाला. "मागे पाऊल टाकलं तर दोघंही गडगडत तळाशी. तेव्हा मी भिंतीला पाठ लावतो, तुम्ही समोरच्या भिंतीला लावा. आणि श्वास आत घ्या."

दोघं खेकड्यासारखे तिरके तिरके सरकले. मधोमध आले तेव्हा दोघांच्या नाकांत जेमतेम वीतभर अंतर होतं. त्याच्या सदऱ्याला मशीनच्या तेलाचा वास होता, आणि डोळे... डोळे मात्र छान होते. हे तिचं धंदेवाईक मत. तळमजल्यावर तिचं चष्म्याचं दुकान होतं, डोळ्यांतलं तिला कळायचं. नेमकं तेव्हाच घड्याळाने ठण्णकन एक टोला दिला.

"हे चालू आहे?"

"छे! चार वर्षं बंद आहे," तो गोंधळून म्हणाला.

पहिल्या मजल्यावर घड्याळदुरुस्तीचं नवं दुकान थाटणारा तो हाच, हे तिला संध्याकाळपर्यंत कळलं. कसं कळलं? चौकशी केली म्हणून कळलं!

आता त्या बाटलीचं सांगायला हवं. चौथ्या मजल्यावर तिची आत्या राहायची, एकटी आणि तोंडाने फटकळ. भाची जन्मली त्या वर्षीच्या द्राक्षांची पोर्ट तिने घेऊन ठेवली होती. पोर्ट म्हणजे गोड, दाट वाईन. चांगल्या सालाची असली की बाटलीतच वर्षानुवर्षं निजवून ठेवतात. आत्या ती एका माणसाबरोबर उघडणार होती. एखादा चांगला दिवस बघून. चांगला दिवस निवडता निवडता तो माणूस दुसरीकडे लग्न करून मोकळा झाला, आणि बाटली कपाटात राहिली.

"घे," वाढदिवसाला आत्या म्हणाली होती. "तूही तिशीची, तीही तिशीची. दोघींना आणखी कपाटात ठेवण्यात काही अर्थ नाही."

बाटलीच्या गळ्यात दुकानदाराची जुनी चिठ्ठी होती. 'तळाशी गाळ असतो. आधी दोन दिवस उभी ठेवावी. काचेच्या जगमध्ये एकाच धारेत ओतावी, मध्ये थांबू नये. थांबल्यास किंवा हात हलल्यास गाळ ढवळतो. त्याच दिवशी संपवावी.'

त्यानंतरचे तीन आठवडे म्हणजे नुसता आनंदीआनंद होता. तो डोळे तपासायला आला. डोळे ठणठणीत. पुढच्या आठवड्यात पुन्हा आला.

"शेवटची ओळ वाचा."

"पुसट दिसते."

"मागच्या वेळी तर घडाघडा वाचलीत."

"मागच्या वेळी तुम्ही तक्त्याजवळ उभ्या नव्हता ना..."

आणि ती? ती आपलं धडधाकट मनगटी घड्याळ 'मागे पडतंय' म्हणून वर घेऊन गेली. त्याने एका डोळ्याला भिंग लावून ते उघडलं, राईएवढा स्क्रू चिमट्यात धरला, आणि त्याचा हात असा स्थिर की ती बघतच राहिली.

"हात थरथरत नाही कधी?"

"अकरा वर्षांत एकदाही नाही. थरथरला तर धंदा बसला." मग घड्याळ बंद करत तो म्हणाला, "एक मिनिटसुद्धा मागे पडत नाही हे. तरी पण... गुरुवारी न्यायला या."

तिची दातांची डॉक्टर असलेली मैत्रीण सगळं ओळखून होती. "बोलून टाक ना एकदाचं," ती म्हणायची. "माझ्याकडे पेशंट आ करायला इतका वेळ लावत नाहीत."

पण बोलणार कसं? आणि तेवढ्यात माशी शिंकली. लांबच्या शहरातून त्याला पत्र आलं. तिथल्या सगळ्या मनोऱ्यांवरच्या घड्याळांची देखभाल, पगार भरपूर, राहायला घर. उत्तर सोमवारपर्यंत हवं होतं.

"काय करू?" त्याने विचारलं. अगदी सहज विचारल्यासारखं... पण हातातला चिमटा खाली ठेवून.

"छान संधी आहे," तिच्या तोंडून गेलं. घरी येऊन तिने स्वतःला इतके बोल लावले की विचारू नका. छान संधी म्हणे! जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

त्याच रात्री तिने ठरवलं, बाटली रविवारी उघडायची. दुपारी चार वाजता, दुकानात, मोजकी माणसं. आत्या, दातवाली, तिचा मास्तर नवरा आणि तो. सोमवारच्या आत काहीतरी व्हायलाच हवं होतं.

"ओतायला स्थिर हात लागतो," ती त्याला म्हणाली. "याल ना?"

"रविवारी? येईन," तो म्हणाला, आणि उगाच भिंग पुसत बसला.

शुक्रवारी बाटली काउंटरवर उभी राहिली. दोन दिवस दुकानात सगळ्यांनी मांजराच्या पावलांनी चालायचं. दार जोरात आपटणाऱ्या एका गिऱ्हाइकाला तिने असे डोळे वटारले की ते फ्रेम न घेताच निघून गेलं.

रविवारी दातवालीने चीज आणि अक्रोड आणले, मास्तरांनी काळं चॉकलेट. आत्या ठेवणीतले सहा ग्लास घेऊन आली आणि खुर्चीत ऐसपैस बसली. तो इस्त्रीचा सदरा घालून आला होता. आज तेलाचा वास नव्हता, आणि तिला त्याचं थोडं वाईटच वाटलं.

तीस वर्षांचं बूच त्याने दाढ काढावी तसं हळूहळू काढलं. "शाबास!" दातवाली म्हणाली. दुकानभर मनुकांसारखा दाट, गोड वास पसरला आणि आत्या खुर्चीत पुढे वाकली.

"गाळ आला की लगेच कळायला हवं," तो म्हणाला. "गळ्याखाली उजेड धरता?"

तिने डोळे तपासायची छोटी बॅटरी काढली आणि बाटलीच्या गळ्याखाली धरली. काच माणकासारखी उजळली. त्याने बाटली कलती केली, आणि बारीक, एकसारखी धार जगमध्ये उतरू लागली. हात कसा? दगडासारखा.

तिचं डोकं त्याच्या खांद्याशी होतं. अर्धी बाटली झाली. पाऊण झाली. आता संपेल, ग्लास भरले जातील, चॉकलेटचं कौतुक होईल, आणि मग सोमवार. तिने बॅटरी आणखी जवळ नेली. आणि मनात आलं, आत्ता हा वळून बघू शकत नाही. आत्ता याला थांबता येत नाही.

"ती नोकरी..." ती पुटपुटली, "घेऊ नका. जाऊ नका ना."

बाटलीचा गळा जगच्या काठावर टकटकटक वाजला. बॅटरीच्या उजेडात एक काळा धूर वर उसळला, आणि बघता बघता सगळा गाळ भसकन जगमध्ये!

"अगं बाई!" दातवाली ओरडली.

तो स्वतःच्या हाताकडे असा बघत होता, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. ती तर रडकुंडीलाच आली. "आत्या... तीस वर्षं जपलेली... मीच घालवली गं."

आत्याने जग उजेडात धरला. आतलं सगळं गढूळ झालं होतं. मग ती हसायला लागली, डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसली.

"तीस वर्षं मी हा गाळ तळाशी बसवला," ती म्हणाली. "अगदी धक्का लागू दिला नाही. काय मिळालं? ओत गं सगळ्यांना. आणि अहो घड्याळवाले, पोरीने काहीतरी म्हटलंय. आमचे कान अजून शाबूत आहेत."

तो मान खाली घालून उभा. "नकाराचं पत्र मी गुरुवारीच टाकलं."

"गुरुवारी?" ती उसळली. "आणि सांगितलं नाहीत? चार दिवस घशाखाली घास उतरला नाही माझ्या!"

"आज सांगणारच होतो... बाटली ओतून झाल्यावर."

"नंतर का?"

"आधी सांगितलं असतं तर हात हलला असता."

मास्तरांना ठसका लागला. दातवालीने त्यांच्या पाठीत धपाटा घातला. सहावा ग्लास टेबलावर रिकामाच राहिला, आणि तो कुणासाठी आणला हे आत्याला कुणीच विचारलं नाही. तिने आपणहून त्यात दोन घोट ओतले आणि आपला ग्लास त्याला टेकवला.

पोर्ट गोड होती, उग्र होती आणि दातांखाली कचकचत होती. "उद्या दोघंही या माझ्याकडे," दातवाली म्हणाली. "काळे झालेत दात."

"आणि पत्रात कारण काय लिहिलंस?" तिने त्याला हळूच विचारलं.

"आत्ता नको विचारूस. हातात ग्लास आहे."

खरंच, त्याच्या ग्लासातली पोर्ट अजून हिंदकळत होती. तिने ग्लास काढून घेऊन काउंटरवर ठेवला, आणि तो थरथरता हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"आता सांग," ती म्हणाली. "आणि मध्ये थांबायचं नाही."