दोन वेढे

विज्ञानात अंधश्रद्धेला जागा नाही. आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर हे कन्नड आणि इंग्रजीत रंगवलंय. मराठीत लिहायचं धाडस कुणी केलं नाही. खंडेनवमीला याच भिंतीखाली आम्ही एमआरआय मशीनला झेंडूचा हार घालायला गेलो. हारात लोखंडी तार होती. चुंबकानं तो आमच्या हातातून ओढून घेतला. देव असा पावलेला मी प्रथमच पाहिला.

निपाणीतल्या एका जुन्या बिडी कारखान्यात आम्ही उंदरांच्या स्वादुपिंडातल्या गाठी शोधतो. उंदराला भूल देऊन उबदार गादीवर झोपवायचं आणि मोहरीएवढी गाठ पडद्यावर दिसते का ते बघायचं. गाठ कुणाला होणार, हे आधी कुणालाच ठाऊक नसतं. भिंतींना तीनदा रंग दिलाय, तरी ऊन चढलं की तंबाखूचा वास येतो.

पिंजरे धुतात मालुबाई. याच हॉलमध्ये त्यांनी बावीस वर्षं बिड्या वळल्या. भूल दिलेल्या उंदराच्या पाठीवर बोट ठेवून त्या उभ्या राहतात. ते नियमात बसत नाही. मी बघत नाही.

जूनमध्ये सात नंबरच्या पिंजऱ्याच्या दांडीला गुलाबी दोरा दिसला. दोन वेढे, टोक आत दाबलेलं. बिडीला असतो तसा. मी कापून टाकला. तीन आठवड्यांनी सात नंबरला गाठ निघाली. मग एकोणीसला. मग चारला. दोरा आधी, गाठ नंतर. बिनदोऱ्याच्या एकाही उंदराला गाठ झाली नाही.

प्रयोग नासवताय म्हणून मी मालुबाईंना बरंच सुनावलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"मी कशाला बांधू, सायेब? मला वाटलं, तुमीच खूण करताय."

शनिवारी मी स्वतः कुलूप लावलं, किल्ली खिशात घालून बेळगावला टिळकवाडीत घरी गेलो. सोमवारी अकरा नंबरला दोरा होता.

याचा अर्थ काय, असं मी अखेर विचारलं. मालुबाई पिंजरा पुसत होत्या.

"दोरा बसला की बिडी झाली. मग हात फुडच्या पानावर."

श्रावणात एका सकाळी त्या स्वतःचा अॅप्रन घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. अॅप्रनच्या बंदाला गुलाबी दोरा होता.

दोन वेढे.

मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. दुखत नव्हतं, भूक चांगली होती. मग एमआरआय कशाला हवाय, असं त्यांनी मला विचारलं. कागदावर कारण लिहावं लागतं.

मला भिंतीवरचं वाक्य आठवलं.

"सहज," मी म्हणालो.

त्यांनी गॅसच्या गोळ्या लिहून दिल्या.

दुसऱ्या दिवशी पिंजरे धुऊन झाल्यावर मालुबाई मशीनपाशी थांबल्या. आत धातू चालत नाही, हे त्यांना पाठ होतं. मंगळसूत्र काढून त्यांनी बाहेर टेबलावर ठेवलं होतं.

"आपल्याच मशीनमधी बघा की, सायेब. उंदरावानी गप पडते मी."

मशीनचं तोंड सोळा सेंटिमीटर रुंद आहे.