पहिल्या क्रमांकाचा आवाज

मंगळावरच्या गेरूतळावर त्या सकाळी पृथ्वीशी बोलायचा पडदा काळा होता. मध्ये सूर्य आला होता आणि आणखी दोन आठवडे तिकडून एक अक्षरही येणार नव्हतं. अण्णांचा कान उघडायचा मुहूर्त नेमका त्याच दिवशी आला होता.

अण्णा चौगुले हे तळाचे पहिले नळजोडणीवाले. दाबटाकी फुटली तेव्हा त्यांचं ऐकणं गेलं आणि त्यासोबत गाणंही. गायचे भयंकर, पण काम करताना गायचेच. सगळ्या तळाला त्याची सवय झाली होती. आता डॉ. हेरंब कारखानीसांनी त्यांच्या कानात कर्णसेतू हे ऐकू आणणारं यंत्र बसवलं होतं. या आठवड्यात त्याची मेंदूशी जुळणी झाली नाही, तर तो कान कायमचा मिटणार होता.

"जुळणीचं पॅकेज आपल्या कोठारात आहे ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"पृथ्वीवरून आलं त्याच दिवशी टाकलंय," यमुना म्हणाली. अण्णांची ही लेक तळाचं आज्ञावली-कोठार सांभाळायची. इथल्या प्रत्येक यंत्राला आज्ञावली तिथूनच मिळे.

"पण तुम्ही तर दर शनिवारी सगळं धुऊन काढता!"

"धुतो ते डबे, डॉक्टर. इथल्या किरणोत्सर्गानं चालू आज्ञावलीत बिघाड होतो. म्हणून कोठारासकट प्रत्येक आज्ञावली बंद डब्यात चालवायची आणि शनिवारी डबा टाकून नवा कोरा मांडायचा. डब्यात लिहिलेलं डब्याबरोबर जातं. पॅकेजं मात्र बाहेर, शिशाच्या भिंतीआड स्थायी साठ्यात असतात. एकदा नाव आणि क्रमांक देऊन ठेवलेलं पॅकेज बदलता येत नाही, पुसता येत नाही. मलासुद्धा."

"छान. त्यात खालपासून वरपर्यंत प्रत्येक स्वर हवा, एकही सुटून चालत नाही. त्यातला आवाज ओळखीचा असता तर मेंदू लगेच जुळला असता. परका आहे, तेव्हा काही महिने धीर धरायचा."

यमुनेनं कळ दाबली. 'श्रवण-नमुना, क्रमांक एक' अशी अक्षरं उमटली. आवाज थेट अण्णांच्या कानात जात होता. बाकी दोघांना फक्त आलेख दिसत होता.

"इतकं लहान कसं हे?" डॉक्टर पुटपुटले.

यमुनेनं तारीख पाहिली. तारीख कोठार उभारण्याच्या दिवसांतली होती.

"घोटाळा झाला, डॉक्टर! तेव्हा मी साठा चुकून डब्यातल्याच कप्प्याला जोडत होते. डबा धुतला की चाचणीचं पॅकेज गायब. पुन्हा टाकायचं, पुन्हा गायब. शेवटी जोडणी जमली आणि ते राहिलं... हेच नाव आणि हाच क्रमांक दिला होता मी त्याला. म्हणजे पृथ्वीचं पॅकेज कोठारानं नाकारलं असणार!"

"मग तुम्हाला कळलं कसं नाही?"

"नकाराची नोंद डब्यात होती. शनिवारी मीच धुतली."

"अहो, पण मग यांच्या कानात आत्ता काय वाजतंय?"

तेवढ्यात अण्णांनी कपाळाला आठ्या घातल्या. "कोण ह्यो बेसूर बोंबलतोय?"

अण्णा मान तिरकी करून ऐकत राहिले आणि मग गडगडून हसले. "आरं, ह्यो तर मीच की!"

तेव्हा चाचणीला आवाज हवा होता आणि शेजारच्या खोलीत अण्णा नळ आवळत गात होते. यमुनेनं तेच भरलं होतं. आता तिला हसू आणि रडू एकदमच फुटलं.

डॉक्टर आलेखाकडे बघतच राहिले. एकेक पट्टी हिरवी होत गेली होती. "जुळणी पूर्ण! अण्णा कुठल्याच स्वरावर टिकले नाहीत, म्हणून एकही स्वर सुटला नाही. आणि स्वतःचा आवाज मेंदू ओळखणार नाही तर काय?"

"अण्णा! ऐकू येतंय?"

"येतंय की, पोरी. वरडू नगंस." आणि त्यांनी पुढची ओळ उचलली, थेट वरच्या पट्टीत.

"पुढच्या रुग्णासाठी तेवढं पृथ्वीचं पॅकेज पुन्हा मागवून घालून ठेवा," डॉक्टर कानावर हात ठेवत म्हणाले.

"घालीन की, क्रमांक दोन देऊन. पण कर्णसेतू कारखान्यातूनच क्रमांक एक मागायला शिकून येतो ना?"

डॉक्टरांनी कानावरचे हात खाली घेतले. यापुढे मंगळावर ज्याचा कान उघडेल, त्याला सगळ्यात आधी अण्णा ऐकू येणार होते.