बाहेरची कडी

भाड्याची खोली बघायला जायचं म्हणून उल्काने यादी केली होती: गिझर, वायफाय, पाण्याची वेळ. रात्री जेवणं झाल्यावर गजाननकाकांनी ती वाचली.

"दाराला आतून कडी आहे का, ते नाही लिहिलंस?"

उल्का हसली. काका हसले नाहीत. त्यांच्या ऑफिसातल्या मित्राचा धाकटा भाऊ होता, नरेश. त्याचंच त्यांनी सांगायला घेतलं.

अठ्ठ्याऐंशी साल. नरेश साताऱ्याहून चंदीगडला शिकायला आलेला. होस्टेल भरलेलं, म्हणून खोली शोधत तो बावीस सेक्टरमधल्या एका घरी पोचला. दहशतीचे दिवस, परक्या पोराला कुणी थारा देत नसे. खोली मागच्या अंगाला होती. एकुलती एक खिडकी विटांनी बुजवलेली. दाराला आतून कडी नाही, नुसती स्क्रूची चार भोकं. मालक म्हणाला, "हालात खराब हैं. रात दस बजे मैं बाहर से बंद करूँगा. तू भी सेफ, हम भी." नरेशला भीड वाटली. त्याने मान डोलावली.

मालकिणीला सगळे बीजी म्हणत. त्या रोज रात्री त्याच्या उंबऱ्याबाहेर वाटीभर कढी ठेवायच्या. सकाळी वाटी तशीच भरलेली असायची. बारा जानेवारीला, लोहडीच्या आदल्या संध्याकाळी, नरेशने कारण विचारलं. बीजींनी ओढणीने डोळे पुसले. आधी इथे श्रीनिवास राहायचा, तुमच्याकडचाच. थंडी फार म्हणून शेगडी पेटवून झोपला. मध्यरात्री दार बडवून सारखं एकच मागत होता, कढी, कढी.

"मैंने कहा, सो जा पुत्तर, सवेरे बनाऊँगी."

सकाळपर्यंत तो कोंडलेल्या धुरात गेला होता.

नरेशच्या लगेच लक्षात आलं. कढी नव्हे हो, बीजी. कडी. तुम्ही जिला कुंडी म्हणता ती... पण त्या माउलीच्या तोंडाकडे बघून त्याला ते बोलवेना.

दहाला बाहेरची कडी लागली.

पावणेदोनला त्याला जाग आली. कोळशाचा वास. त्याच्याकडे शेगडी नव्हती. डोकं जड. दारापाशी कुणीतरी उभं होतं. आतल्या बाजूला. बोटं लाकूड चाचपत होती... त्या चार भोकांवरून.

नरेश ओरडला. दार बडवलं. पुन्हा ओरडला. बाहेर पावलं वाजली. थांबली. मग बीजींचा रडवेला आवाज.

"सो जा पुत्तर. सवेरे बनाऊँगी."

आपण काय ओरडतोय ते त्याला तेव्हा कळलं. हिंदीतला शब्द... संध्याकाळी आठवला होता. आता आठवेना.

पावलं दूर गेली.

काकांनी यादी खाली ठेवली. उल्काने हळूच विचारलं, "मग?"

सकाळी मालकाने कडी काढली. नरेश दाराला टेकून बसलेला होता. जिवंत होता, एवढंच. शिक्षण तिथेच सुटलं. बीजींना त्या शब्दाचा अर्थ शेवटपर्यंत कुणी सांगितला नाही.

आणि वाटी उंबऱ्याच्या आत होती, नरेशच्या पायाशी. काठोकाठ भरलेली. तिच्या कडेवर चार बोटांचे काळे डाग होते, कोळशाचे.

नरेशचे हात स्वच्छ होते.