बिनसबटायटलचा सिनेमा

आम्ही दोघं एकदमच आपापल्या गाडीतून उतरलो. पाऊस भुरभुरत होता. माझ्या हातात हार्मोनियम, त्याच्या हातात छत्री... ती त्यानं माझ्या पेटीवर धरली आणि स्वतः भिजत राहिला.

"पेटी भिजली तर बेसूर होईल."

"आणि माणूस?"

"तो आधीपासूनच आहे!"

हा धारवाडचा देवदत्त. इथं अमेरिकेत, अर्विंगमध्ये शोभाकाकूंकडे शनिवारी दुपारी भजन असे, तिथं नवाच आलेला.

भजन झाल्यावर काकूंनी डीव्हीडी लावली. बंगाली कादंबरीवरचा जुना कन्नड सिनेमा, कैलासवासी काकांचा लाडका. पण सबटायटल्सच नाहीत!

"देवदत्त, तू सांग रे बाबा."

तो झांजा घेऊन उभाच राहिला, थेट कीर्तनकारासारखा. नायक टांग्यात बसला की झांजांवर टापा वाजत. नायिकेनं नुसतं वळून पाहिलं, की आवाज असा हळुवार होई... लहानपणी देवळात बुवांसमोर बसून मिळायचं ना, अगदी तेच सुख!

काकूंचे डोळे दुखत, म्हणून दर शनिवारी अर्धाच तास. पाच शनिवार मी त्या अर्ध्या तासासाठी जगले.

पाचव्या शनिवारी भजनाआधी तो म्हणाला, "डब्लिनला जॉब मिळतोय, ओहायोत. सोमवारी हो-नाही कळवायचंय."

"छान की," मी म्हटलं. आणि पेटीचा भाता उघडला.

शेवटचा प्रसंग. नायक कायमचा निघालेला, नायिका दाराशी. देवदत्त पडद्याकडे बघतच नव्हता. "ती म्हणते — नका ना जाऊ..."

काकूंनी डोळे पुसले. मी मात्र चमकले.

बाहेर पुन्हा भुरभुर. पुन्हा माझ्या पेटीवर त्याची छत्री.

"ती काहीच बोलली नाही," मी म्हटलं.

"कोण?"

"नायिका. माझं आजोळ विजापूर. पहिल्या दिवसापासून सगळं कळतंय मला."

"अरे देवा! मग गप्प का बसलात?"

"तुमचं कीर्तन बंद पडलं असतं ना."

तो हसला, मग खाली बघत पुटपुटला, "कीर्तनात बुवा पदरचं घालतातच की."

"ते देवासाठी. तुम्ही कुणासाठी घातलंत?"

"वाटलं... जाण्याआधी कुणीतरी मला एवढं म्हणावं."

पडद्यावरची ती गप्प राहिली, आणि जन्मभराची एकटी झाली. मी पेटी गाडीत ठेवली, देवाचं नाव घेतलं आणि वळले.

"होगबेड्री," मी म्हटलं. "नका ना जाऊ."

तो बघतच राहिला. छत्री अजून माझ्यावरच, केसांतून पाणी निथळतंय...

"सोमवारी नाही म्हणून कळवतो," तो म्हणाला.

आणि पहिल्यांदाच स्वतःही छत्रीत आला.