शेऱ्याचा रकाना

"ताई, पिशवी सोडा!"

दारात पांढरा कोट, कपाळावर घाम. मी खुर्चीतून अर्धी उठले. "कसली पिशवी?"

"रक्ताची. मी खालच्या रक्तपेढीतला. पडद्यावर तिच्यासमोर 'थांबा' आलंय, नऊ मिनिटं झाली. त्या गटाची एवढी एकच उरलीय. ऑपरेशन सुरू आहे, पेशंटची आई माझ्या खिडकीशी उभी आहे..."

तो प्रोग्राम मीच लिहिला होता.

पिशवी देताना दोन नोंदी होतात. एक साठ्यातून कमी, दुसरी पेशंटच्या नावावर. दोन्ही जमल्या तर पक्क्या करायच्या. एक जरी फसली तर दोन्ही मागे घ्यायच्या. या जोडीला म्हणतात ट्रान्झॅक्शन. ते उघडं असेपर्यंत त्या पिशवीला दुसऱ्या कुणाला हात लावता येत नाही. आज दुसरी नोंद फसली, आणि माझा कोड 'चूक झाली' एवढंच सांगून निघून गेला. मागे काही उघडं राहिलंय का, हे विचारलंच नाही त्याने. बाबा सांगायचे, डबा उघडलास तर झाकणही तूच लाव. ऐकलं कुणी?

यादीत दोन ट्रान्झॅक्शन उघडी होती. एक अडकलेलं, दुसरं कुणाचं तरी चालू काम. चुकीचं रद्द केलं तर...

"नंबर सांगा पिशवीचा."

"शेवटी सात-एक-चार."

"नक्की?"

"स्वतःचं नाव विसरेन, हा नंबर नाही!"

त्या नंबरचं ट्रान्झॅक्शन मी रद्द केलं. 'थांबा' गेलं. तो दोन-दोन पायऱ्या उतरत पळाला.

मग मी कोड दुरुस्त करत बसले. सुरुवातीला स्थिती विचारायची, म्हणजे आधीचं काही उघडं तर नाही ना, आणि कुठल्याही वाटेने बाहेर पडताना पक्कं किंवा रद्द, एक काहीतरी करूनच जायचं. डोळे मात्र फोनवर.

दुपारी फोन वाजला, रक्तपेढीतून त्याचाच. "पेशंट शुद्धीवर आलाय. आईला ओळखलं त्याने."

"एक मदत कराल?" मी म्हटलं. "दुरुस्ती तपासायचीय. प्रोग्रामच्या सरावाच्या प्रतीत एक खोटी नोंद भरा, आणि मध्येच नेटवर्कची तार काढा."

"तुम्ही सांगाल तसं, ताई—"

"पुन्हा ताई?"

"ते... घाईतलं होतं. रद्द करता येईल?"

"बघते," मी हसू दाबत म्हटलं.

"भरली नोंद. तार काढतोय... काढली."

पडद्यावर पिशवी साठ्यात, मोकळी! मी श्वास सोडला.

"नोंदीच्या रकान्यातला शेरा वाचलात?" तो हळूच म्हणाला.

"कसला शेरा? अहो, पक्कं होईपर्यंत दुसऱ्याला काही दिसत नाही. तार काढलीत, तेही गेलं."

"अरेरे... किती धीर गोळा केला होता!"

"मग सांगा की तोंडाने."

"नाही जमायचं. तार पुन्हा जोडतो. परत लिहितो... आता काढत नाही."

मी दर दोन सेकंदांनी पडदा ताजा करत राहिले. एक मिनिट. दोन. अडकलं की काय? कोड... की माणूस?

ओळ उमटली. 'शेरा: सहा वाजता चहाला याल?'

त्याखाली मी 'हो' लिहिलं. आणि खरं सांगते, पक्कं करण्याआधी स्थिती दोनदा तपासली.

"अजून काहीच दिसत नाहीये..." फोनवरचा आवाज पार बारीक झाला होता.

"दिसेल," मी म्हटलं, आणि बटण दाबलं.

पलीकडे काहीतरी धाडकन पडलं. बहुतेक खुर्ची.